नोकरीचा रेझ्युमे आणि कव्हर लेटर: आयटीआय, डिप्लोमा आणि व्यावसायिक कोर्सच्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नऊ वर्षं नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआरमध्ये होतो. टेबलावर रेझ्युमेंचा गठ्ठा आणि डोक्यावर प्रॉडक्शनवाल्यांचा तगादा: "उद्या फर्स्ट शिफ्टला दोन फिटर पाहिजेत." आता टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसतो आणि आयटीआय, पॉलिटेक्निक, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), हॉटेल मॅनेजमेंट अशा कोर्सच्या मुलांचे रेझ्युमे तपासून देतो. कळवा, दिघा, ऐरोलीपासून पार पनवेल-उरणपर्यंतची मुलं येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय.

बायोडाटा, सीव्ही आणि रेझ्युमे यांत फरक काय?

आपल्या पट्ट्यात तिन्ही शब्द एकाच कागदाला लावतात. गेटवरचा सिक्युरिटीवाला "बायोडाटा ठेवून जा" म्हणतो, एचआरची मॅडम "सीव्ही मेल करा" म्हणते, पोर्टलवर "रेझ्युमे अपलोड करा" असतं. शब्दावर अडू नका.

खरा घोळ वेगळाच. घरात ताईच्या लग्नासाठी केलेली बायोडाट्याची फाइल असते, तिच्यातच फेरफार करून मुलं नोकरीचा कागद बनवतात. मग वर "श्री गणेशाय नमः" राहतं, खाली उंची, वर्ण, रास आणि मामांचं गाव. आमच्याकडे एका वेल्डरच्या कागदावर कुलदैवत होतं, पण त्याला टिग वेल्डिंग येतं की नुसतं रॉडचं आर्क वेल्डिंग, याचा पत्ता नव्हता. मुलगा कामाला चोख निघाला. ते ट्रेड टेस्टमध्ये कळलं, आणि टेस्टला तो आला तो केवळ ओळखीच्या माणसाने नाव सांगितलं म्हणून.

मला कसलाच अनुभव नाही. मग लिहू काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याला मी उलट विचारतो, "दोन वर्षं वर्कशॉपमध्ये काय करत होतास?" उत्तर येतं, "सर, जॉब करत होतो." वर्कशॉपच्या भाषेत जॉब म्हणजे हाताखालचा लोखंडाचा तुकडा, नोकरी नव्हे. पण तोच तुमचा अनुभव आहे. तो लिहा.

फिटर असाल तर "फिटिंगचं चांगलं ज्ञान" या ओळीतून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असं: "फायलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून मेल-फीमेल फिटिंगचे जॉब पूर्ण केले, मापं व्हर्नियर आणि मायक्रोमीटरवर तपासली." वेल्डर असाल तर प्रक्रिया लिहा, पोझिशन लिहा, रॉड लिहा. "आर्क वेल्डिंग, 3जी पोझिशन, ई 6013 आणि ई 7018 रॉड" एवढ्या एका ओळीवरून प्रॉडक्शनचा माणूस ठरवतो की पोराला बोलवायचं की नाही. इलेक्ट्रिशियनने मोटार सुरू करायच्या डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टरचं वायरिंग, मेगरने केलेली इन्सुलेशनची तपासणी लिहावी. डीएमएलटीच्या मुलीने किती महिने कुठल्या विभागात ब्लड कलेक्शन केलं, रक्तपेशी मोजायचं सीबीसीचं मशीन हाताळलं का, ते लिहावं. ऑफिसच्या कामासाठी अर्ज असेल तर एमएस-सीआयटी आणि टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा वेगासकट लिहा. नुसतं "कॉम्प्युटर नॉलेज" नको.

माझी कसोटी साधी आहे. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मी विचारतो, "म्हणजे नेमकं काय केलंस?" तीन वाक्यांत उत्तर आलं तर ओळ राहते. "सर ते... टाकायचं म्हणून टाकलंय" असं आलं तर ओळ कटते. इंटरव्ह्यूत अगदी हेच होतं. मायक्रोमीटर लिहिलंत की लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारणार, 0.01 मि.मी. हे तोंडावर हवं. ई 7018 लिहिलंत की रॉड बेक का करतात ते विचारणार. कोटिंगमधला ओलावा घालवायला, नाहीतर हायड्रोजनमुळे वेल्डला तडे जातात, हे सांगता आलं की समोरचा खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो. मी पाहिलंय.

घरच्या धंद्यात, दुकानात केलेलं काम चालतं का?

चालतं, आणि मुलं नेमकं तेच लपवतात. वाशीच्या एपीएमसीत वडिलांच्या गाळ्यावर पहाटे चारपासून उभा राहणारा एक मुलगा माझ्यापुढे "अनुभव नाही" म्हणून बसला होता. गाडी लागली की माल उतरवून घेणं, वजन तपासणं, हिशोबाची पट्टी करणं, उधारी लिहिणं हे सगळं तो बारावीपासून करत होता. त्याचा अर्ज तुर्भ्यातल्या वेअरहाउसचा होता! आम्ही लिहिलं: "कुटुंबाच्या भाजीपाल्याच्या घाऊक व्यवसायात मालाची आवक, वजन आणि उधारीचा हिशोब, तीन वर्षं, रोज पहाटे 4 ते 8." इंटरव्ह्यूत अर्धा वेळ त्याच ओळीवर बोलणं झालं.

मंडळाचं कामही चालतं, पण त्यात तुम्ही काय केलंत ते असेल तर. "गणेशोत्सव मंडळाचा सक्रिय सदस्य" म्हणजे आरतीला उभा होतो. "वर्गणीचा हिशोब एक्सेलमध्ये ठेवला, पावत्या जुळवून ऑडिटला दिल्या" म्हणजे काम केलं. गोविंदा पथकाचंही तसंच. कितव्या थरावर होता ते आम्हाला ऐकायला आवडेल, पण रेझ्युमेत पथकाच्या विम्याचे कागद तुम्ही जमवले असतील तर ते लिहा.

वर करिअर ऑब्जेक्टिव्ह हवंच का?

स्टेशनबाहेरच्या सायबर कॅफेतल्या सगळ्या रेझ्युमेंवर एकच ऑब्जेक्टिव्ह असतं: आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे. नऊ वर्षांत मी ते एकदाही शेवटपर्यंत वाचलं नाही. त्या जागी दोन ओळींत तुम्ही कोण ते सांगा: "आयटीआय इलेक्ट्रिशियन, 2025 पास. पॅनेल वायरिंग आणि मोटार मेंटेनन्सचा सराव. घणसोलीला राहतो, तिन्ही शिफ्टला तयार." झालं.

किती पानं? फोटो? फॉन्ट?

फ्रेशरला एक पान पुरतं. फोटो मागितला असेल तरच लावा. हॉटेल आणि फ्रंट ऑफिसवाले मागतात, कारखाने सहसा नाही. साधा फॉन्ट, काळी अक्षरं आणि पीडीएफ. रंगीत पट्ट्या, टक्केवारीचे गोल आणि "टीमवर्क 90%" असले डबे असलेले साचे मोबाइलवर फुकट मिळतात. नाही मिळाले असते तर बरं झालं असतं. पोर्टलचं सॉफ्टवेअर असल्या कप्प्यांतला मजकूर कधीकधी उलटासुलटा वाचतं, आणि 90% टीमवर्क कोणी मोजलं हा प्रश्न उरतोच.

मराठीत काही टाइप करणार असाल तर युनिकोडमध्ये करा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेली वर्ड फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती खिचडी दिसते.

फाइलला नाव द्या: तुमचं नाव आणि ट्रेड. "रेझ्युमे न्यू फायनल 2" नावाच्या फाइली एचआरकडे शेकड्याने असतात. ईमेल आयडीतून "किंग", "भाई", "रॉयल" काढा आणि नवा आयडी उघडा. दोन मिनिटांचं काम आहे.

केटी लागली होती (विषय राहिला होता), एक वर्ष गेलं. लपवू का?

तारखा खोट्या लिहू नका. मार्कशीटवर पास झाल्याचं साल छापलेलं असतं आणि कागदपत्रं तपासताना ते निघतंच. रेझ्युमेत केटीचा उल्लेख करायचीही गरज नाही. कोर्सचं नाव, संस्था, पास झाल्याचं साल एवढं बास. विचारलं तर सरळ सांगा: "गणिताचा एम-3 राहिला होता, पुढच्या परीक्षेत काढला." डिप्लोमाच्या मुलाखती घेणाऱ्यांपैकी कितीकांचा स्वतःचा एम-3 राहिला होता हे मला माहीत आहे, पण नावं सांगणार नाही.

गॅपमध्ये काही केलं असेल तर ते लिहा. घरात आजारपण असेल तर "कौटुंबिक कारणामुळे खंड" एवढी एक ओळ पुरे. तिचा तपशील कोणी मागत नाही, मागितलाच तर सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

टक्के कमी असतील तर लिहिण्याची सक्ती नाही, मात्र जाहिरातीत अट असेल तर लिहावेच लागतात. 2021 च्या दहावी-बारावीच्या मुलांनी ओशाळून "कोविड बॅच" असं कंसात लिहू नये. त्या वर्षी राज्य मंडळाच्या लेखी परीक्षाच रद्द झाल्या होत्या, सगळ्यांना ठाऊक आहे.

मी कंपनीत काम केलं, पण पगार कॉन्ट्रॅक्टर द्यायचा. नाव कोणाचं लिहू?

हा प्रश्न आपल्याकडचाच. तळोजा, महापे, वागळे इस्टेट कुठेही जा, गेटच्या आत कॉन्ट्रॅक्टरची माणसं असतातच. पोरं रेझ्युमेत मोठ्या कंपनीचं नाव लिहितात, आणि नव्या ठिकाणी पडताळणी झाली की पीएफच्या नोंदीत कॉन्ट्रॅक्टरचं नाव निघतं. मुलाने खोटं सांगितलेलं नसतं, तरी शिक्का बसतो.

म्हणून दोन्ही लिहा. आधी ज्याच्या पगारावर होता त्या एजन्सीचं नाव, मग "कामाचं ठिकाण" म्हणून कंपनी आणि गाव. उदाहरणार्थ "अमुक एंटरप्रायझेस या कंत्राटदारातर्फे, तळोजा एमआयडीसीतील केमिकल प्लांटवर युटिलिटी हेल्पर, नऊ महिने". यात कमीपणा काही नाही, उलट कागद स्वच्छ राहतो. यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, रेझ्युमेत नको, पण पीएफचं पासबुक उघडून तारखा जुळतात का ते आधीच पाहून ठेवा.

पीएफ कापलाच जात नव्हता, पगार हातात मिळायचा, असंही खूप ठिकाणी असतं. तरी काम तुम्ही केलंय, ते लिहा. सोबत फोनवर दुजोरा देऊ शकेल असा सुपरवायझर शोधून ठेवा.

अप्रेंटिसशिप नोकरी म्हणून लिहायची का?

अप्रेंटिस म्हणूनच लिहा. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. ती वर्षं "ऑपरेटर" म्हणून दाखवली आणि पुढच्याने प्रमाणपत्र मागितलं की पंचाईत होते. पण अनुभवाच्या रकान्यात ती सगळ्यात वर ठेवा, आणि परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळालं असेल तर तेही ठळक लिहा. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत काढलेले महिनेही असेच: "कार्यप्रशिक्षणार्थी", कार्यालयाचं नाव आणि प्रमाणपत्रावर आहे तोच कालावधी.

इंग्रजी कच्चं आहे. मराठीत दिला तर?

खाजगी कंपनीत इंग्रजीतलाच द्यावा लागतो, कारण कागद शॉप फ्लोअरवरून कुठल्या कुठे, कधी चेन्नईच्या हेड ऑफिसलाही जातो. पण रेझ्युमेचं इंग्रजी म्हणजे निबंध नव्हे. क्रियापद, काम, किती, कशावर, बस्स. आधी मराठीत लिहा, मग एकेक ओळ साध्या इंग्रजीत करा. मी शिकवतानाही हेच करतो, या पानावरचे नमुनेही म्हणूनच मराठीत आहेत. ज्या शब्दाचा उच्चार जमत नाही तो शब्द नको, कारण तो तुम्हालाच मोठ्याने वाचायला लावतील.

भाषांच्या रकान्यात खरं लिहा: "मराठी, हिंदी बोलता-लिहिता येतं, इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं बोलता येतं." घरी आगरी, कोळी, कोकणी बोलत असाल आणि नोकरी पनवेल-उरण भागात लोकांशी संबंध येणारी असेल, तर तेही लिहा.

पत्ता, आधार, जात, वडिलांचं नाव हे सगळं लागतं ना?

आधार आणि पॅनचे क्रमांक रेझ्युमेवर कधीच टाकू नका. तो कागद किती हातांतून फिरतो याची तुम्हाला कल्पना नाही. मी गेटसमोरच्या टपरीवर वडापाव बांधलेला रेझ्युमे पाहिलाय. धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा धंदा यांतलं काही नको. सरकारी अर्जात प्रवर्गाचा रकाना वेगळा असतो, तिथे लिहा.

पूर्ण पत्ता नको, पण राहण्याचं ठिकाण जरूर लिहा. मुलं इथेच चुकतात: "चाळ नं. 4, खोली नं. 11, अमक्या मंदिराच्या मागे" लिहितात आणि स्टेशन लिहायचं विसरतात. एचआरला फक्त माणूस वेळेवर पोचेल का हे बघायचं असतं. ट्रान्स-हार्बर लोकलच्या मार्गावर दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोलीला राहणाऱ्याला महापेची नाइट शिफ्ट झेपते. बदलापूरहून येणाऱ्याबद्दल शंका येते. लांब राहत असाल आणि जवळ खोली घ्यायची तयारी असेल तर तसं लिहून टाका.

प्रकल्पग्रस्त दाखल्याचंही बरेचजण विचारतात. जाहिरातीत स्थानिक किंवा प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य म्हटलं असेल तर "प्रकल्पग्रस्त दाखला उपलब्ध" ही ओळ टाका, एरवी नको.

नाव मार्कशीटवर असेल तसंच. लग्नानंतर बदललं असेल तर नव्या नावाखाली एकदा आधीचं नाव द्या आणि राजपत्राची किंवा विवाह प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवा.

कव्हर लेटर कोणी वाचतं का?

खरं सांगायचं तर सगळे वाचत नाहीत. मोठ्या पोर्टलवरून अर्ज केलात तर शक्यता फारच कमी. पण वीस-पन्नास माणसांच्या छोट्या युनिटमध्ये मालक स्वतः मेल उघडतो, तिथे वाचलं जातं. नुसती फाइल जोडून मोकळा मेल पाठवणाऱ्यांची गर्दी इतकी असते की चार ओळी नीट लिहिणारा लगेच लक्षात राहतो.

शाळेत अर्ज लिहायला शिकलाच आहात: प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू. सांगाडा तोच, फक्त "आपल्या नामांकित कंपनीत सेवेची संधी मिळाल्यास मी आपला आजन्म ऋणी राहीन" हे काढा. नोकरी मागताय, उपकार नाही. वेगळी फाइल करायची गरज नाही, मेलच्या मजकुरातच लिहा. असं काहीतरी:

"विषय: इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस पदासाठी अर्ज

नमस्कार,
तुमच्या महापे प्लांटसाठी इलेक्ट्रिशियन अप्रेंटिस हवेत ही सूचना आमच्या आयटीआयच्या नोटीस बोर्डवर वाचली. मी दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड यंदा पूर्ण केला आहे. वर्कशॉपमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टरचं वायरिंग आणि मोटारींची मेगर टेस्ट नियमित केली. सुट्टीत काकांबरोबर कोपरखैरण्यातल्या दोन सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांचे पॅनेल दुरुस्त केले. त्यातल्या एकात मोटार वारंवार ट्रिप होत होती, ओव्हरलोड रिलेचं सेटिंग चुकलेलं निघालं.
मी घणसोलीला राहतो, तिन्ही शिफ्टला येऊ शकतो. ट्रेड टेस्टसाठी कधीही बोलवा. रेझ्युमे जोडला आहे."

यातलं पंपाचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. ते दुसरा कोणी लिहू शकत नाही. तुमच्या पत्रात असं एक वाक्य सापडेपर्यंत मी पत्र पास करत नाही.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर कळतं का?

कळतं. एका बॅचमधल्या सहा मुलांनी एकाच दिवशी पत्रं आणली, सहाही जणांना "तुमच्या कंपनीच्या नावीन्याच्या ध्यासाने भारावून" टाकलं होतं. कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवायची. इंग्रजी सुधारायला, स्पेलिंग बघायला खुशाल वापरा. पण मजकूर तुमचा आधी लिहा आणि मग त्याला दाखवा. त्याने न केलेलं काम तुमच्या नावावर घातलंय का, तेवढं बारकाईने पाहा; बऱ्याचदा घालतो.

एचआरचा व्हॉट्सअॅप नंबर मिळाला. काय पाठवू?

"हाय", "सर जॉब आहे का", "प्लीज रिप्लाय" हे तीन मेसेज तीन दिवसांत आले की नंबर म्यूट होतो. एकाच मेसेजमध्ये नाव, ट्रेड, पास झाल्याचं साल, कुठे राहता, कोणत्या जागेसाठी आणि कोणी नंबर दिला ते लिहा, सोबत पीडीएफ. रात्री नऊनंतर नको. आठवड्याने एकदा विचारा. डीपीवर बाइकवरचा गॉगलवाला फोटो असेल तर नोकरी लागेपर्यंत बदला, नंतर परत लावा.

पगाराची अपेक्षा लिहायची?

रेझ्युमेत नाही. विचारतील तेव्हा, हातात किती आणि कापून किती, हे नीट विचारून बोला.

मुलीचा रेझ्युमे मी आई म्हणून करून दिला तर चालेल का?

ताई, टाइप करून द्या, स्पेलिंग बघा, पण वाक्यं तिची असू द्या. आईवडिलांनी लिहिलेला रेझ्युमे ओळखू येतो: त्यात "आज्ञाधारक" असतं. आणि संपर्कासाठी नंबर तिचाच द्या. कंपनीतून फोन आला आणि "मी तिचे पप्पा बोलतोय, काय काम होतं?" असं उत्तर मिळालं, की पुढचा फोन दुसऱ्याच उमेदवाराला जातो.

रेझ्युमे पोर्टलवर टाकल्यावर फोन आला, रजिस्ट्रेशनचे पैसे मागतायत. भरू?

नाही. गणवेश, ट्रेनिंग, मेडिकल, गेटपास, कुठल्याही नावाने मागितले तरी नाही. उलव्याचं विमानतळ झाल्यापासून "एअरपोर्टवर ग्राउंड स्टाफ, थेट जॉइनिंग" असे मेसेज माझ्याकडे मुलं सारखी घेऊन येतात. खरी जागा असेल तर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिसते. नोकरी देणारा तुमच्याकडून पैसे घेत नसतो. गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, लाजत बसू नका.

इंटरव्ह्यूला जाताना रेझ्युमेच्या किती प्रती न्यायच्या?

तीन. एक एचआरला, एक टेस्ट घेणाऱ्याला, एक स्वतःजवळ, कारण आपण काय लिहिलंय ते ऐनवेळी आठवत नाही. मूळ मार्कशीट दाखवा, ठेवून येऊ नका, कोणी कितीही गोड बोललं तरी. पावसाळ्यात सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये न्या. रबाळे स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंतचा रस्ता जुलैत कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको.